गोदामाच्या भिंतीवरच्या चिमण्या

"बाई, सगळी अंडी पुन्यांदा वांझ गेली. या लवकर!"

महाडच्या एका कारखान्यातून पहारेकरी चांगूचा शाळेत फोन आला. उज्वला हाटे तिथं जीवशास्त्र शिकवायच्या आणि फावल्या वेळात कारखान्यातल्या चिमण्यांची घरटी मोजायच्या. १९९९ साल होतं.

गोदामाच्या दक्षिण भिंतीवर पिल्लांचा गलका होता. उत्तर भिंत मुकी; वांझ अंडी तिथलीच. तिथल्या दोन चिमण्यांच्या पिसांत पांढरे चट्टे.

सुरक्षा अधिकारी मुरारी देवकर हसले. "कीटकनाशक हो! मास्तरीणबाईंनी पोरं शिकवावीत."

"फवारणी एकाच भिंतीला करता?"

देवकर लांबूनच बोलत होते. उत्तर भिंतीमागच्या खोलीत, भिंतीला टेकून, चांगूची खुर्ची होती.

"चांगू, इथं आधी कोण बसायचं?"

"देवकरसायेबच. दिवाळीत फाटकाजवळच्या खोलीत गेले. मला म्हनाले, तू बस हितंच. बाई, हल्ली माजं डोकं गरगरतं, केस गळतात."

आठवड्यापूर्वी उज्वला कॅमेऱ्याची पिशवी त्याच खुर्चीमागे विसरल्या होत्या. त्यांनी त्यातले रोल सोहेलच्या फोटो स्टुडिओत धुवायला दिले.

"मॅडम, दोन्ही रोल धुरकट. एक तर सीलबंद डबीतला होता! त्याला उजेड लागणार कसा?"

उज्वलांनी त्याच दिवशी मुंबईच्या तज्ज्ञांना फोन केला.

तिसऱ्या दिवशी ते तज्ज्ञ आणि पोलीस आले. उत्तर भिंतीजवळ किरणोत्सार मापकाची टकटक थांबेना.

"पिसं आणि अंडी फक्त याच भिंतीवर बिघडली," उज्वला म्हणाल्या. "म्हणजे विष हवेत नव्हतं, भिंतीत होतं. बंद डबीत उजेड शिरत नाही, किरणोत्सार शिरतो. टाकीतली पातळी मोजणारं जुनं किरणोत्सारी यंत्र मुंबईला परत पाठवल्याचा कागद कारखान्याच्या दप्तरात आहे. त्यावर सही देवकरांची. पण यंत्र तिथं पोचलंच नाही, असं हे तज्ज्ञ सांगतात. त्याचं शिशाचं कवच फुटलं, चौकशी नको म्हणून यांनी ते इथं चिणलं."

"पुरावा काय?" देवकर ओरडले.

"खोली तुम्ही बदललीत. चांगूला मात्र तिथंच बसवलंत. खोटं असेल तर या, बसा त्याच्या खुर्चीवर."

देवकर दोन पावलं मागे सरले.

"चिमण्यांचीच तर अंडी गेली…" ते पुटपुटले.

पोलिसानं त्यांचं मनगट धरलं.

चांगूचं रक्त तपासायला मुंबई गाठायची होती. वीर रेल्वे स्टेशनला नेणारी रिक्षा आली. देवकरांनी चांगूपुढे हात जोडले.

चांगू त्यांच्या पायाशी थुंकला आणि बाईंशेजारी रिक्षात बसला.