पाचटावरचं विमान

सात रस्ता चौकातल्या रसवंतीवर एक तरुण चरकातून पडलेलं चिपाड उचलून चक्क हुंगत होता. डोक्यावर एप्रिलचं ऊन, हातात रसाचा ग्लास, आणि निवेदिताला हसू आवरेना.

“गोडी रसात असते, चिपाडात नाही,” ती म्हणाली.

“गोडी नको, मॅडम. कितपत जळेल ते बघतोय.” तो जराही ओशाळला नाही. “उसाच्या पाचटावर विमान उडवायचंय मला.”

निवेदिताचा ग्लास ओठांशीच थांबला. पुण्याच्या गुंतवणूक कंपनीने तिला ज्याच्या धंद्यातली जोखीम तपासायला पाठवलं होतं, तो अवधूत हाच! ऊस तोडल्यावर शेतात वाळका पाला उरतो, ते पाचट. त्यापासून विमानाचं स्वच्छ इंधन करायचं, असा त्याचा बेत होता. तिचा अहवाल चांगला गेला तर कारखाना उभा राहणार, नाहीतर दारालाच कुलूप.

एमआयडीसीतल्या शेडमध्ये त्याने इंधनाची नितळ बाटली उन्हात धरली, तेव्हा निवेदिता बाटलीऐवजी त्याच्याकडेच बघत राहिली... आणि ते त्याला दिसलं.

“बाटली इकडं आहे,” तो हळूच म्हणाला.

“दिसतेय की!” ती म्हणाली, आणि कानापर्यंत लाल झाली.

मग पाचट कोण देणार ते बघायला मोडनिंबला, त्याच्या गावी, भावकीत जाणं झालं. त्याचे चुलते आप्पा छाती फुगवून म्हणाले, “देतो की पाचट! घरचं पोर विमान उडवतंय म्हटल्यावर कोण न्हाय म्हणंल?” घरोघरी हेच उत्तर. वच्छलाकाकूंनी कडक भाकरी आणि शेंगाचटणी वाढली, निवेदिताला ठसका लागल्यावर अवधूतने तिच्यापुढे ताकाचा पेला सरकवला. एवढ्याशा गोष्टीने माणूस प्रेमात पडतो का? निवेदिता पडली.

पण तिच्या कामाची रीत अशी, की दुसऱ्यांदा चौकशी मालकाला वगळून करायची. ती एकटीच पुन्हा मोडनिंबला गेली आणि काकूंना सरळच विचारलं, “पाचट खरंच देणार?”

काकू पदराशी चाळा करत राहिल्या. “खरं सांगू का, बाई? पाचट आमी आता रानातच कुजवतो. जमिनीला लई मानवतंय. समदी तेच करत्यात.”

“मग त्यांना हो का म्हणालात?”

“एवढ्या हौसेनं आलं हुतं पोरगं... तोंडावर न्हाय कसं म्हणायचं?”

आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार! परतीच्या एसटीत निवेदिताने अहवाल लिहायला घेतला. तिलाही हो लिहिता आलं असतं, काकूंसारखंच, मायेपोटी. पण अशाच होकारांवर तो कारखाना बांधून बसला असता, आणि मग कायमचा बुडाला असता.

शेडमध्ये तिने त्याला सगळं सांगितलं. अवधूत खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

“म्हणजे सगळे खोटं बोलले?”

“तुमच्यावर जीव आहे त्यांचा. म्हणून खरं सांगवलं नाही त्यांना.”

“आणि तुम्हाला बरं सांगवलं?” तो म्हणाला.

ते तिच्या जिव्हारी लागलं. तिने पर्समधून फोन काढला आणि तिथेच उभी राहून तिच्या साहेबांना लावला.

“गंगाधर सर, अहवाल पाठवलाय. इंधन उत्तम आहे, पण कच्च्या मालाचा भरवसा नाही. या वर्षी पैसे घालू नयेत, असं लिहिलंय.” तिने खिडकीकडे पाहिलं. “तरी अहवाल दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या, सर. आपला नियम आहे ना... जिथे आपलं मन गुंतलंय, तिथे ते कंपनीला सांगायचं.”

“कुणात गुंतलंय?” सरांचा आवाज त्या पत्र्याच्या शेडमध्ये स्पष्ट ऐकू आला.

“अवधूतमध्ये.”

खिडकीशी उभा असलेला अवधूत वळला.

“अगं, मग त्याला माहीत आहे का हे?”

निवेदिताने मान वर केली. त्याचे डोळे भरून आले होते, आणि तिचेही.

“आत्ताच कळलं, सर,” ती म्हणाली.