केसभर वळलेले रोल

ओळंबेसाहेबांचं खरं आडनाव काहीतरी वेगळंच होतं, पण कागदाच्या कारखान्यात पाऊल टाकल्यावर तासाभरात ते हरवलं ते हरवलंच. झालं असं, की मॅनेजरांशी हात मिळवण्याआधी त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ केलं, टेबलावरची पेनं एका रेषेत लावली आणि स्वतःची खुर्ची टेबलाशी काटकोनात आणून मगच ते टेकले. दारात उभ्या असलेल्या हेडफिटरने हे सगळं पाहिलं. तो खाली गेला आणि त्याने जाहीर केलं, "गवंड्याचा ओळंबा चालत आलाय रे!" चहा येईपर्यंत मॅनेजरही त्यांना ओळंबे म्हणू लागले होते.

अशी माणसं घरच्यांचा जीव खातात, पण त्यांच्यावाचून कारखान्यांचं पान हलत नाही. कागदाचं यंत्र म्हणजे तरी काय? एका लांबलचक हॉलमध्ये एकापुढे एक आडवे ठेवलेले लोखंडी रोल, प्रत्येक रोल खोलीएवढा रुंद आणि कवेत मावणार नाही एवढा जाड. कागद त्यांच्यावरून धावतो. सगळे रोल एकमेकांना समांतर असले तर तो शहाण्यासारखा धावतो. एक जरी केसभर तिरपा झाला, की कागदाला सुरकुती पडते, सुरकुतीपाशी कागद फाटतो आणि फाटला की मॅनेजरांच्या तोंडून शिव्यांचा पाऊस. पूर्वी हे काम दोरी ताणून करत. ओळंबेसाहेब ते लेझरने करत. जमिनीत पितळेच्या खुणा पक्क्या ठोकलेल्या असत. त्यांच्यावर तिपाई मांडायची, लाल ठिपका रोलच्या टोकावर सोडायचा आणि रोल किती वळलाय ते पडद्यावर वाचायचं.

या वेळी मात्र साहेबांचा एक डोळा पडद्यावर होता आणि दुसरा फोनवर. लग्नाला बारा वर्षं झाल्यावर, दोनदा हातातोंडाशी आलेलं सुख हिरावल्यावर, बायकोला दिवस गेले होते. डॉक्टरांनी पुढच्या आठवड्यातली तारीख दिली होती. निघताना बायको म्हणाली होती, "अहो, जगाची यंत्रं वेळेवर सरळ करता. आमच्यासाठी एकदा वेळेवर या." त्यांनी तिचा हात हातात घेऊन शब्द दिला होता. तो शब्द मोडला असता तर स्वतःला तोंड दाखवायची त्यांना लाज वाटली असती.

म्हणून त्यांनी कामाचा फडशा पाडला. यंत्र बंदच होतं. हेडफिटर आणि त्याची माणसं बोल्ट सैल करत, पातळ पत्रे सरकवत, साहेब "थोडं, अजून थोडं, बस!" म्हणत, आणि दिवस मावळायच्या आत सगळे रोल शून्यावर आले. प्रत्येक बोल्टवर त्यांनी पिवळ्या रंगाची रेघ ओढली, अर्धी बोल्टवर आणि अर्धी खालच्या लोखंडावर. बोल्ट हलला की रेघ तुटणार. सकाळी एकदा तपासायचं, मॅनेजरांची सही घ्यायची आणि घर गाठायचं.

सकाळी रोल हललेले होते.

फार नाही, केसभर. पण काही डावीकडे, काही उजवीकडे. साहेबांनी चष्मा पुसला, तिपाई पुसली, पुन्हा मोजलं. तेच आकडे. पिवळ्या रेघा मात्र जिथल्या तिथे, अखंड. त्यांनी हेडफिटरला बोलावलं.

"मला गंमत कळते," ते म्हणाले. "पण माझ्या घरी अडचण आहे. रात्रीतून कोणी हात लावला?"

"माझ्या पान्याची शपथ, साहेब," हेडफिटर म्हणाला. "आणि हात लावला असता तर रेघा तुटल्या नसत्या का?"

रेघांची युक्ती साहेबांचीच होती. जमीन खचली असेल, हवा गार झाली असेल, असं स्वतःला समजावत त्यांनी पुन्हा सगळं शून्यावर आणलं. दुपारचा डबा त्या दिवशी खांबापाशी बसून खाल्ला, कारण काल काम आटपल्यावर आकडे उतरवायला ते ज्या खुर्चीत बसले होते तिचा एक पाय आखूड होता आणि ती डुगडुगत होती. डबा धुऊन आल्यावर सहज म्हणून मोजलं, तर रोल पुन्हा वळलेले. पण आता वेगळ्या तऱ्हेने.

साहेबांनी दोन्ही वेळचे आकडे शेजारी शेजारी मांडले. सकाळी डुगडुगत्या खुर्चीसमोरचा रोल तेवढा सरळ होता. त्याच्या डावीकडचे उजवीकडे वळले होते, उजवीकडचे डावीकडे. आता खांबासमोरचा रोल सरळ होता आणि बाकीचे खांबाच्या बाजूला. वर्गात उशिरा आलेल्या पोराकडे बाकीची पोरं मास्तरांना कळू न देता मान वळवतात ना, तसं.

हेडफिटरने पडद्याकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं आणि टोपी मागे सारली.

"साहेब, राग मानू नका. यंत्राचा तुमच्यावर डोळा आहे."

"काहीतरीच काय बोलता!"

"मी कशाला बोलू? तुमचं लेझर बोलतंय."

ओळंबेसाहेब विज्ञानाचे पाईक. त्यांनी आधी वजनावर संशय घेतला. स्वतःच्या वजनाइतकी, कागदात मिसळायच्या भुकटीची पोती खुर्चीवर रचली आणि सगळ्यांना चहाला पाठवलं. बघत असताना रोल कधीच हलत नसत, पाठ फिरली की हलत. परत येऊन पाहतात तो पोत्यांकडे कुणी ढुंकूनही पाहिलेलं नव्हतं. मग हेडफिटर बसला. काही नाही. शेवटी मॅनेजर स्वतः खुर्चीत बसले, कोट नीट करून, फोटो काढायचा असावा तसे. चहा झाला, मोजलं. यंत्राला मॅनेजरांचं काडीचं कौतुक नव्हतं. हे मात्र त्यांना फार लागलं. यंत्राच्या खरेदीवर सही त्यांची होती.

साहेब बसले, चहा झाला, आणि सगळे रोल साहेबांच्या बाजूला.

आता कारखान्यात थट्टेला उधाण आलं. कोणी साहेबांना जावई म्हणू लागलं, कोणी विचारू लागलं की स्थळ पसंत आहे का, वजनाने जरा भारी आहे पण कामाला दणकट. साहेब वरवर हसत होते. पण चालताना ते यंत्राकडे पाठ करत नव्हते हे हेडफिटरच्या नजरेतून सुटलं नाही, आणि त्याने थट्टा थोडी आवरती घेतली.

मॅनेजरांना थट्टेशी देणंघेणं नव्हतं. त्यांना कागद हवा होता.

"अहो ओळंबे, तुम्ही जवळ असलात की बिघडतं ना? मग लांब जा! गेटवर जाऊन बसा."

शुक्रवारी सकाळी साहेब पहारेकऱ्याच्या खोलीत जाऊन बसले. हॉलपासून गेट चांगलंच दूर होतं. मोजायची जबाबदारी हेडफिटरवर होती, एव्हाना तो त्यात तरबेज झाला होता. थोड्या वेळाने त्याचा फोन आला आणि मागून टाळ्या ऐकू आल्या.

"साहेब, झालं! सगळे एकमेकांना जवळजवळ समांतर!"

"शून्यावर?"

"शून्यावर नाहीत हो. सगळे गेटच्या बाजूला वळलेत. पण सगळे सारखेच."

साहेबांना कारण कळलं, आणि कळलं नसतं तर बरं असं वाटलं. जवळच्या माणसाकडे बघायचं तर रांगेतल्या प्रत्येकाला मान वेगळी वळवावी लागते. लांबच्याकडे बघायचं तर सगळ्यांच्या माना सारख्याच वळतात.

मॅनेजर मात्र हरखून गेले होते. "कागदाला पितळेच्या खुणांशी काय करायचंय? रोल एकमेकांना समांतर, म्हणजे कागद सरळ! तुम्ही जितके लांब जाल तितकं आमचं भलं. या, सामान उचला आणि घरी जा!"

कामात अपयश यावं आणि तेच यश ठरावं, असं साहेबांच्या उभ्या आयुष्यात कधी घडलं नव्हतं. पण घर डोळ्यांपुढे आलं आणि त्यांच्या जिवात जीव आला. संध्याकाळच्या आत पोचलो तर बायकोपाशी बसता येणार होतं. आणि ही नजर आपल्या मागे आली तरी आपल्याच मागे येईल, घरच्यांच्या नाही, एवढा हिशेबही त्यांनी मनाशी केला. माणूस घाबरला की असे हिशेब करतोच.

हॉलमध्ये येऊन त्यांनी पेट्या बंद केल्या. सगळी माणसं चहाला गेली होती. आपण आता यंत्राला अगदी खेटून उभे आहोत, म्हणजे रोल पुन्हा अस्ताव्यस्त झाले असणार, हे त्यांना ठाऊक होतं. तरी हात स्वस्थ बसेनात. त्यांनी तिपाई पुन्हा उघडली आणि शेवटचं मोजलं.

सगळे रोल समांतर होते.

गेटवर बसले होते तेव्हापेक्षाही जास्त समांतर. आयुष्यात त्यांनी इतकं नेटकं यंत्र पाहिलं नव्हतं.

ते चार पावलं डावीकडे सरकले, पाठ करून उभे राहिले, दमाने श्वास घेतला आणि पुन्हा मोजलं. मग उजवीकडे. रोल जागचे हलले नाहीत.

सगळे गेटच्या बाजूला वळलेले होते. पण गेटवर आता कोण होतं? पहारेकरीसुद्धा चहाला आला होता.

माणसं परतली. हेडफिटरने आकडे पाहिले आणि साहेबांच्या पाठीवर थाप मारली. "सुटलात, साहेब! तिला दुसरं स्थळ मिळालं वाटतं."

सगळे हसले. साहेबही हसले, आणि खरं सांगायचं तर त्यांना किंचित वाईटही वाटलं. दोन दिवस कुणी तरी आपल्याकडे एवढं टक लावून पाहावं आणि मग आपल्याला ओलांडून पलीकडे बघावं, हे कुणालाही थोडं लागतंच.

मॅनेजरांनी सही ठोकली. शाई वाळते न वाळते तोच साहेबांचा फोन वाजला. सासूबाई होत्या.

"अहो जावईबापू, मुलगी झाली! तारखेची वाटच बघितली नाही तिने. आत्ता तासही झाला नसेल. दोघी सुखरूप आहेत."

साहेब तिथेच पेटीवर बसले आणि सगळ्यांदेखत ढसाढसा रडले. बारा वर्षांचं होतं ते सगळं. हेडफिटरने त्यांच्यासाठी आणलेला चहाचा कप बाजूला ठेवला, मॅनेजरांनी स्वतःचा रुमाल पुढे केला, आणि कोणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

"मी येतो," साहेब म्हणाले. "निघालोच. तिला सांगा, शब्द मोडला, पण निघालोच. बाळ रडलं ना नीट?"

"रडलं की, खणखणीत! आता गप्प पडलंय. एकच आहे बघा, मान सारखी एका बाजूला वळवतंय. आम्ही सरळ करतो, की पुन्हा तिकडेच. डॉक्टर म्हणाले, काळजीचं कारण नाही, केसभर तर वळते."

टाळ्या अजून चालू होत्या. साहेबांनी दुसऱ्या कानावर हात ठेवला.

"कुठल्या बाजूला?"

"अं?"

"मान. आईकडे वळवते का?"

"आईकडे नाही हो. खिडकीकडेही नाही. त्या रस्त्याकडच्या भिंतीकडे."

दवाखान्यातली ती खोली साहेबांनी स्वतः जाऊन ठरवली होती. त्या भिंतीच्या पलीकडे हमरस्ता होता, तोच रस्ता धरून ते कारखान्याच्या गेटवर आले होते, आणि मधे त्याला फारसं वळण नव्हतं.

त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. पाठीशी सगळे रोल शांत होते.

"काय आहे त्या भिंतीवर?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, कोरी भिंत आहे," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज कौतुकाने भरून आला. "पण तिच्याकडे बघून हसते हो. अगदी ओळखीचं कुणी दिसावं तसं."