तीन गाठींचा ओटा

चौऱ्याहत्तर सालची दिवाळी सरली आणि जुन्या जालन्यात सर्जेराव मास्तरांच्या घरी रखमाजी मिस्तरी ओटा बांधायला आला. त्या काळी त्या गल्लीत उभ्याचा ओटा एकाही घरात नव्हता. बायका चुलीपुढं बसूनच रांधायच्या. त्यामुळं मास्तरांची नवी बायको उभ्यानं भाकरी थापणार, ही बातमी दोन दिवसांत गल्लीच्या पार पलीकडं गेली.

"मास्तरीणबाई, उभ्यानं थापलेली भाकर ताटातबी उभीच ऱ्हाती का काय?" शेजारच्या मालनबाईनं भिंतीवरून विचारलं.

कौसल्या हसली नाही. तिला ओट्याची हौस नव्हतीच. तिला बेबीला जगवायचं होतं.

बेबी म्हणजे बेबीनंदा, मास्तरांच्या पहिल्या बायकोची, तुळजाची, सहा वर्षांची पोर. तुळजा दुष्काळाच्या साली तापानं गेली. वैशाखात कौसल्या लग्न होऊन या घरात आली आणि त्या दिवसापासून पोर तिच्या हातचं खाईना. घास तोंडात घ्यायची, गालात धरायची, चुलीच्या कोपऱ्याकडं टक लावून बसायची आणि मग उठून मोरीत थुंकून यायची. मालनबाईनं भरवून पाहिलं, तरी तेच. चहात बुडवलेला पाव आणि कपभर दूध, एवढ्यावर ती दिवस काढायची. डॉक्टरांनी दोनदा तपासलं, त्यांना दुखणं सापडलं नाही. आंघोळ घालताना कौसल्येच्या बोटांना फासळ्या लागायच्या. तिनं नवस केले, हातापाया पडली. एकदा मारलंसुद्धा आणि तो हात दिवसभर पदराखाली लपवून ठेवला.

शेवटी तिच्या मनानं घेतलं की तो कोपराच मोडायचा. तुळजा बसायची ती चूल, तिच्या शेजारचा छोटा वैल, धुरानं काळा झालेला कोनाडा, सगळं काढायचं. आपल्या मापाचं नवं स्वयंपाकघर करायचं. मास्तर कधी नव्हे ते लगेच हो म्हणाले.

रखमाजी कुंभार पिंपळगाव या गावचा. सुतारकाम आणि गवंडीकाम दोन्ही त्याच्या हातात होतं. त्याच्याजवळ लाकडी गज होता, पण ओट्याला तो गज लावायचा नाही.

"वटा घरच्या बाईच्या अंगमापानं करावा लागतो," तो म्हणाला. "तुमच्या लुगड्याचा काठ फाडून द्या. त्याचीच दोरी करतो. आमच्या बापापासून हीच रीत हाय."

कौसल्येजवळ धड लुगडी दोनच. तिनं आत जाऊन पेटीच्या तळातून एक जुनं हिरवं लुगडं काढलं आणि काठ टर्रकन फाडला. लुगडं तुळजाचं होतं. आता कुणी नेसत नाही, मग चांगलं कशाला फाडा, एवढाच हिशोबी विचार तिनं केला.

रखमाजीनं काठाला पीळ दिला. मालनबाईनं दोरी कौसल्येच्या अंगाला लावून धरली. जमिनीपासून कोपरापर्यंत पहिली गाठ. वर केलेल्या हाताच्या बोटापर्यंत दुसरी. कोपर ते बोटं, ती तिसरी, दोरीच्या दुसऱ्या टोकाकडून.

बारा दिवसांत काम झालं. वर शहाबादी फरशी, खाली डब्यांचे कप्पे, भिंतीला सागाची मांडणी. घरभर ओल्या सिमेंटचा आणि करवतीच्या भुशाचा वास कोंदला होता. कौसल्या ओट्यापुढं जाऊन उभी राहिली.

फरशी तिच्या छातीशी आली. टाचा उचलून हात वर केला, तरी मांडणीची वरची फळी वीतभर लांबच.

रखमाजीचा चेहरा उतरला. त्यानं दोरी ओट्याला लावली. बराबर. मांडणीला लावली. बराबर. मग कौसल्येजवळ धरली. कोपराची गाठ तिच्या दंडाशी गेली.

"काठ ताणला असंल," मालनबाई म्हणाली.

"पीळ दिलेला काठ एवढा कसा ताणल? गाठी तुमच्या डोळ्यांदेखत मारल्या मी." तो दोरीकडं बघत राहिला. "हे माप बाईचंच हाय. पर उंच बाईचं. उद्या येऊन पाडतो."

मालनबाईनं दोरीचा हिरवा काठ बोटांत धरून पाहिला आणि लगेच सोडला. मग ती पदर सावरून घरी गेली.

त्या दुपारी कौसल्या पाटावर चढली आणि खांदे वर ओढून तिनं भाजल्या धान्या-मसाल्याच्या येसराची आमटी केली. करता करता हात आपसूक ओव्याच्या डबीकडं गेला. येसरात ओवा तिच्या माहेरी कुणी घालत नसे. बेबी दारात येऊन उभी राहिली. नाक वर करून तिनं वास घेतला.

"आमटी दे," ती म्हणाली.

अर्धी भाकरी तिनं कुस्करून खाल्ली. खाल्ली आणि गिळली. एकेक घास त्या बारक्या गळ्यातून उतरताना दिसत होता. कौसल्या हालली नाही.

सांजेला मास्तर पहिल्या घासाला थांबले.

"येसर कुणी केलं?"

"मीच."

त्यांनी मान वर केली नाही. त्यानंतर जेवताना त्यांनी कधीच मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी रखमाजी पहार घेऊन आला. कौसल्या ओट्याला पाठ लावून उभी राहिली.

"हात लावू नका."

"बाई, हे तुमचं न्हाई. आयका माझं."

"पोरगी जेवून राह्यली, मिस्तरी."

रखमाजीनं दोरी खुंटीला अडकवली. ती सोबत न्यायला तो बिलकुल तयार झाला नाही.

एकदाच कौसल्येनं पारखून पाहिलं. ओट्यावरचा स्टोव्ह खाली जमिनीवर मांडला, तेच पीठ घेतलं, तीच आमटी केली. बेबीनं घास गालात धरला आणि मोरीकडं गेली. पुन्हा कौसल्या जमिनीवर बसून रांधायला गेली नाही.

पोर भरत गेली. गाल वर आले. माघात ती पळू लागली.

कौसल्येच्या बांगड्या हातात रुतू लागल्या, त्या तिनं साबण लावून उतरवल्या. पोलक्याच्या बाह्या आखडल्या. लुगडं घोट्याच्या वर राहू लागलं. धुऊन आटलं असेल, असं ती स्वतःला सांगायची. आरशात ती फक्त कुंकवापुरतं बघायची.

चैत्रातल्या एका दुपारी तिची आई, चतुराबाई, राजूरहून एसटीनं आली. दारात उभी राहून तिनं कपाळाचा घाम पुसला आणि कौसल्येकडं निरखून पाहिलं.

"बाई, मास्तरांचं घर हेच ना? आमची कौसल्या कुठं हाय?"

आईच्या हनुवटीवरचं गोंदण. हातातली कुरडयांची पिशवी. कौसल्येच्या ओठांपर्यंत शब्द आला.

मागं बेबी पाटावर बसून जेवत होती. तिचा हात थांबला.

घास गालात होता. ती कौसल्येकडं टक लावून पाहत होती.

कौसल्येनं एकदा आईकडं पाहिलं. एकदा पोरीच्या गळ्याकडं.

"बाहेर गेलीय ती," ती म्हणाली. "बसा. उन्हातून आलात."

बेबीनं घास गिळला.

मग कौसल्या ओट्याकडं वळली आणि पाहुणीसाठी वरच्या फळीवरून गुळाचा डबा काढला. टाचा जमिनीवरच होत्या.