त्र्याहत्तर किलोमीटर पुढचा कोड

इंजिनाचा पिवळा दिवा लागला की माणसं घाबरतात आणि मी खूश होतो. तीस वर्षं हेच करतोय. स्टिअरिंगखाली स्कॅनर जोडायचा, कोड वाचायचा, बिघाड झाला त्या क्षणाचे आकडे तपासायचे. गाडी सहसा खोटं बोलत नाही. गिऱ्हाइकांबद्दल न बोललेलं बरं. गॅरेज घराच्या अंगणातच आहे, त्यामुळे हाताचं ग्रीस आणि बायकोची बोलणी दोन्ही रोज ताजी. एकूण मजेत चाललं होतं.

मुलगी चार महिन्यांच्या नातीला घेऊन माहेरी आली होती. गुरुवारी तिला सासरी परतायचं होतं, ऐंशी किलोमीटर, स्वतः गाडी चालवत. बुधवारी सकाळी तिच्या गाडीचा दिवा लागला. कोड साधाच निघाला, क्रँक सेन्सरचा. हा सेन्सर बिघडला की चालतं इंजिन मध्येच बंद पडतं. पण बिघाड झाला तेव्हाचं किलोमीटरचं रीडिंग नोंदीत होतं ४८,२१३. गाडीच्या मीटरवर होतं ४८,१४०.

म्हणजे बिघाड व्हायला अजून त्र्याहत्तर किलोमीटर बाकी होते.

स्कॅनरचं डोकं फिरलं असेल म्हणून दुसरा लावला. तोच आकडा. सेन्सर बदलला, कोड पुसला, गाडी सुरू केली, तर नोंद पुन्हा हजर. बाकीचे आकडे मला जास्त खटकले. वेग शून्य, इंजिन थंडगार, बॅटरी जवळजवळ उतरलेली. महिनोन्महिने एका जागी उभ्या असलेल्या गाडीत असं सापडतं. मला चक्क भीती वाटली. त्या त्र्याहत्तराव्या किलोमीटरला मागच्या सीटवर नात असणार होती.

गाडी परत देण्याआधी मेकॅनिकनं स्वतः ट्रायल घ्यायची, ही आमच्या धंद्याची रीत. ठरवलं, तो आकडा आपणच ओलांडून टाकायचा. मुलीला फक्त ट्रायल घेऊन येतो म्हणालो. बायकोनं मात्र माझ्या तोंडावरूनच ओळखलं आणि सगळं वदवून घेतलं.

"मग मी पण येते," ती म्हणाली. "एकटे कुठे निघालात?"

थर्मास घेऊन ती शेजारी बसलीसुद्धा.

तळं घरापासून किलोमीटरभर, त्याच्या भोवतीचा रस्ता नऊ किलोमीटरचा. आठ फेऱ्यांत काम होणार होतं. चौथ्या फेरीला ती म्हणाली की लग्न झाल्यापासून मी तिला एवढं कधी फिरवलं नव्हतं. छान कोवळं ऊन होतं. किती तरी दिवसांनी आम्ही दोघंच होतो आणि उगाचच हसत होतो. मला फार बरं वाटत होतं. आठव्या फेरीला मात्र दोघांचेही डोळे मीटरवर होते.

४८,२१३.

इंजिन बंद पडलं. गाडी आपोआप कडेला जाऊन थांबली. धूर नाही, धक्का नाही.

"एवढंच?" ती म्हणाली आणि तिनं चहा ओतला. माझा जीव भांड्यात पडला. उद्या मुलगी सुखरूप पोचणार होती.

कप हातात घेऊन मी खाली उतरलो. बॉनेटला हात लावला.

थंडगार होतं.

चारही टायर बसले होते. काचेवर धुळीचा थर होता.

चहातून अजून वाफ निघत होती.

किल्ली फिरवली. बॅटरी कण्हली, पण चौथ्या खेपेला इंजिन लागलं. स्कॅनर जोडून पाहिला. नोंद गेली होती. आम्ही हळूहळू घरी आलो.

मुलगी फाटकात उभी होती. सकाळी कमरेपर्यंत असलेले तिचे केस आता खांद्यापर्यंत होते.

"बाबा," ती हळू आवाजात म्हणाली, "तुम्हाला शोधत त्या तळ्याभोवती किती फेऱ्या मारल्या आम्ही."

बायको नातीला घ्यायला दोन्ही हात पुढे करून उतरली. नात घरातून स्वतःच्या पायांनी चालत आली, आम्हा दोघांकडे पाहून आईच्या मागे लपली.