वीरगळीवरचा एकच घाव

आंबागडच्या किल्ल्याखालच्या वीरगळीचा, म्हणजे जुन्या वीराच्या स्मारकशिळेवरचा, कोरीव चेहरा फुटला, तेव्हा संशयासाठी गावाने फार लांब पाहिले नाही. आदल्या संध्याकाळी पाथरवट संघपाल तिथे दिसला होता. लोकांनी त्याला शाळेच्या ओसरीवर बसवून ठेवले.

त्याची बहीण रुचिता हिचा फोन येताच खाजगी गुप्तहेर गुंजन बोपचे तुमसरहून निघाली. शाळेपुढे जमाव पाहून तिचा मदतनीस निकेश याने गाडी उलट्या तोंडाने लावली. पळायची वेळ आलीच तर.

आधी ती दोघे वीरगळीपाशी गेली. हवालदार सेवकराम पहाऱ्याला होते.

"गुराख्यानं उजाडताच दुरूनच पाहिलं अन् फोन केला. मी लगेच आलो, चादर टाकली. तवापासून कोणालेच पाहू देल्लं नाही."

सेवकरामांनी मान हलवताच गुंजनने चादर उचलली. खाली पडलेला दगडी चेहरा शाबूत होता. नाक, मिशा, हनुवटी, कुठे टवका नाही. मागची बाजू मात्र पांढरी, भुसभुशीत. गुंजनने बोट लावून जिभेला टेकवले.

"खारट."

उभ्या दगडावर, हनुवटीच्या जागी, हातोडीचा एकच खोल घाव होता. बुडाशी आणि पाठीवर सिमेंटचा जाड गिलावा.

"घाव आहे म्हणजे संपलंच न, ताई," निकेश पुटपुटला.

चादर पुन्हा टाकून सेवकरामही त्यांच्यासोबत शाळेपाशी आले. ओसरीवर संघपाल भिंतीला टेकून बसला होता. "दगड पाहालेच गेलतो, ताई. दोन वर्षांपासून सांगून राहिलो, सिमेंट काढा म्हणून. कोणी ऐकलं नाही. पण मी कायले फोडू?"

रागाच्या भरात फोडला असेल, निकेशला वाटले.

"सिमेंट लावलं कोणी?"

"मधुकररावनं. किल्ल्याच्या समितीचे अध्यक्ष. त्यासाठी सत्कार झाला त्यायचा."

मधुकरराव पुढे सरसावले. "ह्यानंच हातोडा घातला हनुवटीवर! द्या आमच्या ताब्यात!"

जमाव ओसरीकडे सरकला. निकेशने गाडीची किल्ली हातात घेतली.

"भाऊ, तुम्ही वीरगळ पाहिली?" गुंजनने शांतपणे विचारले.

"कुठून पाहू? मी आलो तर चादर होती. हवालदारानं हात लावू देल्ला नाही."

गुंजन लोकांकडे वळली. "चेहरा कोणी फोडलाच नाही. तो सुटून पडला. जमिनीतली ओल दगडात चढते. सिमेंटनं तिची वाट बुजवली, मग ती चेहऱ्यातून निघू लागली. पाणी सुकलं, मीठ आत साचलं. त्या मिठानंच दगडाची साल ढकलून दिली."

"मंग घाव?" निकेशने विचारले.

"हातोडा चेहऱ्यावर पडला असता, तर मार चेहऱ्यावर दिसला असता. घाव आहे मागच्या दगडावर. म्हणजे चेहरा पडल्यावर कोणीतरी तो घातला. कायले? चेहरा आपोआप गळला हे कळलं असतं, तर बोट सिमेंटवाल्याकडे गेलं असतं."

ती मधुकररावांसमोर उभी राहिली. "हनुवटीवरचा घाव चादरीखाली आहे, भाऊ. तुम्ही पाहिलाच नाही, तर तुम्हाले कळला कसा?"

मधुकरराव एक पाऊल मागे सरले. "पहाटे फिराले गेलतो... चेहरा खाली पडला होता... लोक काय म्हणतील म्हणून..."

सेवकरामांनी त्यांचा दंड धरला. वाट द्यायला लोक बाजूला झाले. निकेशला संघपालच्या डोळ्यांत पाहवेना.

गर्दीतून कोणीतरी चाचरत विचारले, "संघपाल, ते सिमेंट तूच काढून देशील का गा?"

"देईन. पण आज नाही." तो भिंतीचा आधार घेत उठला. "सकाळपासून मले कोणी घोटभर पाणी नाही देल्लं."