काळं न होणारं ऑइल

आधीच माफी मागतो. माझं शुद्धलेखन कच्चं आहे. कुठली वेलांटी पहिली आणि कुठली दुसरी हे मला अजून कळत नाही, आणि मोठे शब्द मला येत नाहीत. आठवीत शाळा सोडली. तोंडाने सांगायला गेलो तर चार माणसांत माझा आवाज फुटत नाही, म्हणून लिहितो.

मी पेणला जनूकाकांच्या गॅरेजमध्ये काम करतो. घाणीची मला सवय आहे. ग्रीस, जळकं ऑइल, रेडिएटरमध्ये अडकून मेलेली पाल, सगळं हाताने काढलेलं आहे आणि हात धुऊन लगेच डबाही खाल्लेला आहे. पण या गोष्टीतली किळस निराळी आहे. ती साबणाने जात नाही.

माझी बहीण सुरभीताई निडी स्टेशनपासून आत एका गावात दिली आहे. तिचे यजमान, हर्षद भावोजी, रोह्याच्या कंपन्यांना माणसं पुरवायचं कंत्राट घेतात. मागच्या पावसाळ्यानंतर त्यांनी एक परदेशी एसयूव्ही घेतली. डिझेल, मोठं इंजिन. पाय ठेवला की पाठ सीटला चिकटायची. गाडी जुनी होती. पहिला मालक वारला, त्यानंतर ती वर्षभर शेडमध्ये उभी होती, म्हणून परवडली.

पहिली सर्व्हिस मीच केली. खालचा नट खोलला तर ऑइल काळं आलं. त्याचं नवल नाही. पण ते गुठळ्या-गुठळ्यांनी पडत होतं, आणि त्याला माळ्यावर उंदीर मरून राहिल्यावर येतो तसा वास होता. जनूकाकांनी नाकाला फडकं लावलं. आमच्याकडचं जळकं ऑइल लोक होडीला, कुंपणाच्या खांबांना लावायला मागून नेतात. काका म्हणाले, "हे कुणाला देऊ नको. लांब नेऊन पूर."

मी नवीन ऑइल भरलं, फिल्टर बदलला. महिन्याने भावोजी आले तेव्हा डिपस्टिक काढून बघितली. डिपस्टिक म्हणजे ऑइल तपासायची लांब पट्टी. तिच्यावर ऑइल मधासारखं. पलीकडचं दिसेल इतकं स्वच्छ.

"गाडी चालवतोस का पूजेला ठेवलीस?" काकांनी विचारलं.

"रोज पेण-रोहा करतो, काका. मीटर बघा."

काकांनी ऑइल बोटांवर चोळलं, वास घेतला. "डिझेलचं ऑइल आठवड्यात काळं व्हायला पाहिजे. इंजिनातली काजळी ते आपल्या अंगावर घेतं, त्याचं कामच ते हाय. यात काजळी नाय. मग ती जाते कुठं?"

"तुमच्या गिऱ्हाइकांच्या गाड्या दमेकरी," भावोजी हसले. "हिचं काळीज साफ हाय!"

त्यानंतर त्यांना तो नादच लागला. कोलाडच्या हॉटेलासमोर गाडी लावायची, बॉनेट उघडायचं, पट्टी काढून सगळ्यांना दाखवायची. मी बरोबर असलो तर मला पुढे करायचे. "सांग रं मेकॅनिक, असं ऑइल कधी बघितलंस?" मी मान हलवायचो. दिवाळीनंतर मी म्हटलं, आता बदलायला हवं. ते म्हणाले, "सोनं कोणी बदलतं का रं?"

मग एका रविवारी मी ताईकडे जेवायला गेलो. तांदळाच्या भाकऱ्या होत्या आणि बोंबलाचं कालवण. भावोजींनी भाकरी तोडली आणि पांढऱ्या भाकरीवर त्यांच्या पाचही बोटांचे काळे ठसे उठले. मी माझे हात बघितले. स्वच्छ होते. त्यांनी उठून हात धुतले, परत बसले, परत ठसे. कालवणाच्या कडेने भात काळपट होत गेला आणि ते तसाच खात राहिले. जळक्या ऑइलचा वास येत होता.

"तुझ्या कपड्यांचा वास हाय," ताई मला म्हणाली. पण तिचा चेहरा तसं म्हणत नव्हता.

जेवणानंतर ती मला मागच्या पडवीत घेऊन गेली. बादलीत उशीचे अभ्रे भिजत घातले होते. पाण्यावर तवंग होता, निळा-जांभळा, रस्त्यावर डिझेल सांडल्यावर दिसतो तसा. तिने एक अभ्रा उचलला. डोकं टेकतं तिथे काळा गोल डाग, आणि तोंड येतं तिथे दुसरा, जाड, चिकट.

"घामच काळा येतो रं," ती हळू म्हणाली. "कानातून येतं. डोळ्यांच्या कोपऱ्यातून येतं. मी रोज पुसते. माझ्या बोटांना पण तोच वास बसलाय. कणीक मळायची पण शिसारी येते मला."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"रोह्याला फोटो काढला छातीचा. काय दिसत नाय म्हणतात. ह्यांना मात्र गाडीत बसलं की बरं वाटतं. खोकला पण थांबतो."

हे ऐकून मी तेव्हाच विचार करायला हवा होता. पण बादलीतलं ते पाणी मला बघवेना. मी निघून आलो.

माघात ताईचा फोन आला. भावोजी चार दिवस अंथरुणावर होते, गाडी दारात उभी होती, आणि आता त्यांना श्वास घेता येत नव्हता. "तू ये," एवढंच बोलली. दारातली गाडी चालवणारं घरात दुसरं कोणी नव्हतं. गावातली गाडी रोह्याला लग्नाला गेली होती, ती आली की त्यांना दवाखान्यात न्यायचं ठरलं होतं. मी काकांकडून ऑइलचा कॅन, नवा फिल्टर आणि पाने घेतले आणि संध्याकाळच्या रेल्वेने निडीला उतरलो.

दिवे गेले होते. घरात रॉकेलची चिमणी लावलेली. भावोजी चटईवर कुशीवर पडले होते आणि त्यांच्या तोंडाखाली ताईने परात ठेवली होती. परातीत काय होतं ते मी बघितलं. लिहीत नाही. त्यांचे ओठ, हिरड्या, जिभेचं टोक, सगळं काळं. दर श्वासाला आत काहीतरी चिकटून सुटल्यासारखा आवाज यायचा. त्यांनी मला ओळखलं नाही.

मी एवढंच समजलो होतो की काजळी गाडीत राहत नाही, ती माणसात येते. मग ते सोन्यासारखं ऑइल काढून टाकायचं. गाडी रिकामी केली की माणूस सुटेल. दुसरं काही सुचण्याइतकी माझी बुद्धी नव्हती.

"ताई, तू आत त्यांच्याजवळ बस," मी म्हटलं. "काय झालं तर हाक मार."

मी टॉर्च घेऊन गाडीखाली शिरलो. जमीन थंड होती. इंजिनाला हात लावला... गरम होतं. चार दिवस उभ्या गाडीचं इंजिन. चटके बसतील असं नाही, काखेत हात घातल्यावर लागतं तेवढंच गरम. मी नट सोडला. ऑइल आलं. पिवळं, स्वच्छ, कोमट. पण ते धार धरून येत नव्हतं. थोडं यायचं, थांबायचं, थोडं यायचं. खाली सरकवलेला टब भरत गेला. माझ्या मनगटावरून ते कोपरापर्यंत ओघळलं आणि मला वाटलं, कुणीतरी आपला हात चाटतंय.

आत खोकला कमी झाला.

"निकेश," ताईने आतून सांगितलं, "शांत झालेत रं. झोप लागली वाटतं."

मला बरं वाटलं. खरंच सांगतो, त्या वेळी मी गाडीखाली हसलो.

बाहेर येऊन बॉनेट उघडलं. या गाडीचा फिल्टर वरून निघतो. पान्याने झाकण फिरवायचं, की झाकणाबरोबर घड्यांच्या कागदाची गुंडाळी वर येते. जुना फिल्टर काळा आणि कडक निघतो. मी झाकण उचललं. जड लागलं. टॉर्च धरला.

घड्या गुलाबी होत्या.

ओल्या, मऊ, गुलाबी. ताजा जिताडा मासा घेताना आपण कल्ले उघडून बघतो ना, तशा. वास पण तसाच, खाडीच्या ताज्या मासळीचा, ऑइलचा अजिबात नाही. माझ्या बोटाखाली एक घडी लिबलिबली. मग सगळ्या घड्या एकदम उघडल्या... आणि मिटल्या. परत उघडल्या. आता जरा हळू. पाण्याबाहेर काढलेल्या मासळीसारख्या...

 ती गुंडाळी फेकून द्यावी, पायाने चिरडावी, असं मला झालं होतं.

"निकेश..." आतून ताई. आवाज अगदी खाली. "निकेश, छाती हलत नाय रं..."

घड्या मिटल्या होत्या. उघडत नव्हत्या.

तेव्हा मला समजलं. घाण तिकडे त्यांच्यात होती, आणि त्यांचा श्वास इकडे गाडीत. ताईने फोनवर सांगितलेलं सगळं उलटं होतं. ते आजारी पडले म्हणून गाडी उभी नव्हती राहिली. गाडी उभी राहिली म्हणून ते पडले होते.

मी ती गुंडाळी दोन्ही हातांनी परत खाली बसवली. बोटांनी दाबून बसवली, तेव्हा ती आतून चोखल्यासारखी घट्ट बसली. झाकण आवळलं. खाली शिरून नट लावला. कॅनमधलं नवीन ऑइल घालायला धीर झाला नाही. टबातलंच उचललं आणि ओतलं, त्यात पडलेल्या मातीसकट, मुंग्यांसकट.  ताई आत आता हाका मारत नव्हती. नुसती "अवो... अवो..." करत होती.

किल्ली फिरवली. पहिल्या फिरकीला इंजिन लागलं.

आतून खोकला आला. एक लांब, ओला खोकला, आणि परातीत काहीतरी जड पडल्याचा आवाज. मी दाराशी गेलो. भावोजी उठून बसले होते. हनुवटीवरून काळी लाळ छातीवर येत होती आणि डोळे टक्क उघडे, माझ्याकडे. माझ्याकडे नाही, माझ्या हातांकडे.

"कोणी खोलली?" त्यांनी विचारलं.

 ताईने पदराने त्यांचं तोंड पुसलं आणि त्यांना धरून रडायला लागली. तिच्या गालाला, केसांना सगळं काळं लागत होतं, पण तिने त्यांना सोडलं नाही. गावातली गाडी आली तेव्हा तिनेच ती परत पाठवली. मी रात्रभर पायरीवर बसून राहिलो. इंजिन चालू ठेवलं.

सकाळी भावोजींनी भूक लागली म्हणून सांगितलं. ताईने तांदळाची पेज केली. त्यांनी दोन ताटल्या प्यायल्या.

मग मी ताईला गाडीजवळ नेलं. तिला शिकवलं. ते सावरेपर्यंत बंद करायची नाही, मग रोज सकाळ-संध्याकाळ चालू करायची, एक दिवस चुकवायचा नाही. डिझेल संपू द्यायचं नाही. गाडी विकायची नाही, कुणी कितीही मागितली तरी. ऑइल बघायचं तर इंजिन थोडा वेळ बंद करावं लागतं, तेवढ्यात भावोजी कासावीस होतील, तू घाबरू नको. पट्टी अशी काढायची, फडक्याने पुसायची, परत घालायची, परत काढायची.

"नवीन ऑइल कधी भरायचं?" तिने विचारलं.

"लागणार नाय बहुतेक."

इंजिन बंद केलं. घरातून धाप ऐकू यायला लागली. मी घाईने पट्टी काढली आणि उजेडात धरली. ऑइल सोन्यासारखं होतं. बरोबर वरच्या खुणेपर्यंत. आणि पट्टीच्या टोकाला, शिजून फुगलेलं, पांढरं, भाताचं एक शीत चिकटलं होतं.

ताई दाराकडे बघत होती. तिने बघितलं नाही.

मी ते शीत अंगठ्याने पुसलं, पट्टी परत आत घातली आणि तिला म्हटलं, "लेवल बरोबर हाय. चालू कर."