पावशेरच्या सोळा मात्रा

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. मी संशोधन करते. तारीख आणि पुरावा असल्याशिवाय मी कुणाचं ऐकत नाही, म्हणून घरचे मला चिडवतात.

पण हे माझ्याच घरात घडलं. गेल्या मार्चमध्ये. रात्री-बित्री नाही… भर दुपारी, साडेतीन वाजता.

माझा विषय जॅझ संगीताचा इतिहास. कृष्णवर्णीय वादकांच्या वस्त्यांत जन्मलेलं हे संगीत तबकड्यांवरून जगभर गेलं. आपल्याकडच्या हॉटेलांतल्या वादकांना ते शिकवणारं कुणी नव्हतं. त्यांनी नुसतं ऐकून ते आपलंसं कसं केलं, यावर मी प्रबंध लिहीत होते.

आणि काखेत कळसा म्हणतात तसा, असा एक वादक आमच्याच घरात होता.

माझे काका. वय एक्याऐंशी. तरुणपणी हॉटेलच्या बँडमध्ये ड्रम वाजवायचे. नंतर एकाएकी सोडून दिलं. का, ते कधी बोलले नाहीत.

फक्त एक खोड राहिली होती. जेवणाच्या टेबलावर ते बोटांनी ठेका धरायचे. सोळा मात्रा वाजवायचे.

मग सोळा मात्रा गप्प.

मग पुन्हा सोळा. लहानपणापासून बघत आले होते, त्यामुळे त्यात मला काही वावगं वाटत नव्हतं.

त्या महिन्यात ध्वनिसंग्रहालयात मला त्यांच्या बँडची एक जुनी टेप सापडली. मी तिची प्रत करून घरी आणली. कोण काय वाजवतंय ते सांगायला काकांना शेजारी बसवलं.

जॅझमध्ये एक प्रकार असतो, आपल्या सवाल-जवाबासारखा. एकानं सोळा मात्रा वाजवायच्या, दुसऱ्यानं पुढच्या सोळा. या टेपवर आधी ड्रम होता. काका ओळखू येत होते. मग ट्रम्पेटची पाळी आली…

आणि सगळे थांबले.

नुसती टेपची खरखर. मोजून सोळा मात्रा. मग पुन्हा ड्रम.

असं तीनदा.

"काका, टेप खराब आहे का हो?"

"टेप चांगली आहे. ती पावशेरची जागा आहे."

पावशेर म्हणजे त्यांचा ट्रम्पेटवाला. अंगानं काडी, म्हणून ते नाव. "पण फुंकर मारली की शेराला सव्वाशेर," असं म्हणून काका हसले. मग हसू मावळलं.

"त्या दिवशी तो संध्याकाळच्या बसनं येणार होता. रेकॉर्डिंगवाल्याकडे एकच तास होता. आम्ही म्हटलं, त्याची जागा मोकळी ठेवू, आला की मागून भरेल. बसमध्ये रुमाल टाकून जागा धरतो ना, तसं."

"मग?"

"बस दरीत गेली."

मी टेप बंद केली.

"जागा धरलीय तोवर तो बिचारा वाट बघत थांबेल," काका म्हणाले. "ती भरू नकोस, पोरी. तिथे दुसरं कुणी बसलं, तर तो जाणार कुठे? दुसरी जागा शोधेल."

म्हाताऱ्या माणसाचं मन आहे, असं मला वाटलं. मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका आपल्या खोलीत झोपले होते. मी हेडफोन लावून पियानोपाशी बसले होते. टेपवरचं सगळं मला स्वरलिपीत उतरवायचं होतं. ड्रमच्या मात्रा जुळत होत्या, पण शांततेत माझी मोजणी दरवेळी चुकत होती. एकदा पंधरा, एकदा सतरा. प्रबंधाचं हे प्रकरण शुक्रवारी द्यायचं होतं.

मग मी एक सोपा उपाय केला. शांततेत पियानोवर एक साधी धून वाजवली. नुसती मोजायला. शेवटी एक सूरही चुकला, बोट शेजारच्या काळ्या पट्टीवर पडलं.

पहिल्या जागेत सोळा भरल्या. दुसऱ्या जागेतही सोळा.

तिसऱ्या जागेत मी वाजवायला लागले, आणि हेडफोनमध्ये…

कुणीतरी श्वास घेतला.

खोल. फुंकर मारण्याआधी घेतात तसा. आणि तो तिथेच अडला.

मी हेडफोन काढून फेकला. घर शांत होतं. मग काकांची हाक आली.

ते पलंगावर उठून बसले होते. दाराकडे बघत होते.

"तू वाजवलंस?"

"नाही," मी म्हटलं.

का खोटं बोलले, देव जाणे. रागावतील म्हणून असेल.

"मग तो दारात का उभा आहे?"

दारात मी उभी होते. माझ्या मागे कुणी नव्हतं. मी वळून बघितलं होतं…

दोनदा.

त्या दिवसापासून काकांचा ठेका बंद झाला. जेवताना बोटं टेबलावर ठेवायचे, उचलायचे आणि तशीच थांबायचे. आम्ही डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी हात तपासले. हातांत काही दोष नव्हता.

"मला जागाच सापडत नाही गं," काका एवढंच म्हणाले.

शुक्रवारी दुपारी काका झोपेतच गेले. हृदय, वय, सगळं पटण्यासारखं होतं. मलाही पटवून घ्यायचं होतं.

पंधरा दिवसांनी संग्रहालयातल्या तंत्रज्ञांचा फोन आला. टेपची नोंद पूर्ण करायची होती, म्हणून त्यांनी मूळ टेप लावली होती.

"मॅडम, ट्रम्पेट काय सुंदर आहे हो! पण ड्रमवाला त्या दिवशी आला नव्हता का?"

मी तशीच तिथे गेले. टेप ऐकली.

जिथे काकांचा ड्रम होता, तिथे ट्रम्पेट वाजत होता.

आणि जिथे शांतता होती, तिथे पियानो. साधीशी धून. शेवटी एक चुकलेला सूर.

ती टेप माझ्या जन्माच्याही आधीची आहे.

काका त्या टेपवर कुठेच नव्हते.

मी घरी आले आणि खूप रडले. ज्या माणसानं मित्राची जागा एवढी वर्षं राखली, त्याची जागा माझ्यामुळे गेली.

मग मला सुचलं ते मी केलं. रोज दुपारी साडेतीनला पियानोवर सोळा मात्रा वाजवायच्या आणि सोळा मोकळ्या ठेवायच्या. काकांसाठी. दोन महिने कुणी आलं नाही. दुसऱ्या कुणाला मी त्या वेळी खोलीत येऊ दिलं नाही.

काल मी सोळा वाजवून थांबले…

आणि आतल्या जेवणाच्या टेबलावर बोटं वाजली.

तोच ठेका. मी तो लाखात ओळखेन. पूर्ण सोळा मात्रा.

मग तो थांबला.

आता मी वाजवायचं होतं. इतके दिवस याचीच वाट बघत होते, आणि माझे हात उचलले गेले नाहीत. मी पियानोचं झाकण लावलं आणि घराबाहेर पडले.

आज दुपारपासून मी घरातच आहे. झाकण अजून उघडलेलं नाही. आतून काही आवाज येत नाही.

काका माझ्यासाठी जागा धरून बसलेत.